ॲबेची मर्यादा शाबूत आहे, तरी २० नॅनोमीटर दिसतात ते कसे?

प्रश्न असा आला आहे: “मी पीएचडी करते. मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या आवरणावरचं एक प्रथिन लाल आणि एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमवरचं (ईआर) एक प्रथिन हिरवं रंगवून कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर पाहिलं. काही ठिकाणी छान पिवळं दिसतं, म्हणजे दोन्ही तिथे एकत्र आहेत. रिव्ह्यूअर म्हणतो, सुपर-रिझोल्यूशननं दाखवा. पण २०० नॅनोमीटरच्या आतलं दिसूच शकत नाही असं आम्ही शिकलो. तो नियम मोडला का? आणि स्टेड, स्टॉर्म, सिम या सुपर-रिझोल्यूशनच्या तंत्रांतलं मी काय करू?”

रिव्ह्यूअरला तुमचा पिवळा रंग पटला नाही, यात त्याचं काही चुकलं नाही. चांगलं तेलाचं ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळची मुख्य लेन्स) लावलं तरी कॉन्फोकलचा एक ठिपका आडवा साधारण २५० नॅनोमीटर आणि उभा ६०० नॅनोमीटरच्या आसपास असतो. ढोबळमानानं तेवढ्या जागेत २० नॅनोमीटर बाजूचे साडेचार हजारांहून जास्त ठोकळे मावतात. लाल रेणू त्यातल्या एका कोपऱ्यात आणि हिरवा दुसऱ्या टोकाला असला, तरी पडद्यावर पिवळंच दिसणार. मायटोकॉन्ड्रिया आणि ईआर यांच्या संपर्कस्थळी दोन पटलांमधली फट असते १० ते ३० नॅनोमीटर. तेव्हा पिवळा रंग फार तर ‘एकाच मोहल्ल्यात आहेत’ एवढं सांगतो.

आता नियमाचं. अर्न्स्ट ॲबे जर्मनीत जेनामध्ये मायक्रोस्कोप बनवणाऱ्या कार्ल झाइसबरोबर काम करत होता, तिथे १८७३ साली त्यानं ही मर्यादा मांडली. तिथल्या त्याच्या स्मारकावर आजही ते सूत्र कोरलेलं आहे: तरंगलांबीला न्यूमेरिकल ॲपर्चरच्या (लेन्स किती तिरपा प्रकाश आत घेते त्याच्या आकड्याच्या) दुपटीनं भागा. ५२० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश आणि १.४ ॲपर्चरचं ऑब्जेक्टिव्ह घेतलं तर उत्तर येतं १८६ नॅनोमीटर. वस्तूतला तपशील जितका बारीक, तितका तो प्रकाशाला जास्त तिरप्या कोनात फाकवतो, आणि एका कोनापलीकडचा प्रकाश लेन्समध्ये शिरतच नाही. जो प्रकाश आत आलाच नाही त्यातली माहिती कुठलाही कॅमेरा किंवा सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. तेलाचा अपवर्तनांक १.५१८, त्यामुळे ॲपर्चर १.५ च्या आसपास येऊन थांबतं. काच कितीही घासा, यापुढे फरक पडत नाही.

हा नियम कुणी मोडलेला नाही. त्यात एक गृहीतक दडलेलं होतं, तेवढं लोकांनी काढून घेतलं: शेजारशेजारचे दोन बिंदू एकाच वेळी आणि सारखेच चमकतात हे गृहीतक. समजा, दोन रेणू ३० नॅनोमीटरवर आहेत, पण एक आत्ता चमकला आणि दुसरा थोड्या वेळानं. मग ते वेगळे ओळखायला लेन्सनं त्यांना वेगळं करायची गरजच नाही. रेणूंना चालू-बंद करता येणं हा स्टेड आणि स्टॉर्म या दोन्ही घराण्यांचा गाभा आहे; सिमची युक्ती वेगळी, ती पुढे येते. फरक एवढाच, की कुठे चालू आणि कुठे बंद हे कोणी ठरवायचं.

स्टेडमध्ये ते आपण ठरवतो. स्टेफान हेल फिनलंडमध्ये तुर्कूला होता तेव्हा, १९९४ साली, त्यानं यान विखमानबरोबर ही कल्पना कागदावर मांडली. एका लेसरनं रेणू उद्दीपित करायचे आणि लगेच मेदूवड्याच्या आकाराचा दुसरा, जास्त तांबड्या तरंगलांबीचा लेसर टाकायचा. कडेच्या रेणूंना तो चमकायच्या आत जबरदस्तीनं खाली उतरवतो, मधल्या भोकातले तेवढे चमकतात. इथे बहुतेकांची गल्लत होते. हा वडासुद्धा ॲबेच्याच मर्यादेतला असतो, त्याचं भोक जन्मतः बारीक नसतं. भोक बारीक होतं ते तीव्रतेनं. लेसरचा जोर वाढवत नेला की भोकाच्या अगदी मध्याजवळचा अंधुक प्रकाशही रेणू विझवायला पुरेसा होतो आणि चमकणारा भाग आक्रसत जातो. सूत्रात ॲबेच्या आकड्याला एका वर्गमुळानं भागलेलं असतं आणि त्या वर्गमुळाखाली ही तीव्रता असते. तत्त्वतः तळ नाही. हिऱ्यातल्या नायट्रोजन दोषांवर २००९ साली ५.८ नॅनोमीटरपर्यंत मजल गेली. पण हिरा जळत नाही, पेशी जळते. रोजच्या कामात ४० ते ६० नॅनोमीटर मिळाले तर स्टेडवाला खूश असतो.

दुसऱ्या घराण्यात चालू-बंद नशिबावर सोपवलेलं असतं. विल्यम मर्नरनं १९८९ साली आयबीएमच्या अल्माडेन प्रयोगशाळेत, द्रव हेलियमच्या तापमानाला, एकट्या रेणूनं शोषलेला प्रकाश टिपला. पुढे १९९७ साली सॅन डिएगोला त्याच्या गटाला दिसलं की हिरवं चमकणाऱ्या प्रथिनाचे (जीएफपी) काही प्रकार डोळे मिचकावतात आणि विझलेला रेणू दुसऱ्या रंगाचा प्रकाश टाकून परत जागा करता येतो. एरिक बेट्झिगनं तोवर बेल लॅब्ज सोडली होती. १९९५ साली एकेक रेणू वेगळा ओळखून चित्र रचायची कल्पना छापून तो मिशिगनला वडिलांच्या मशीन टूल कंपनीत गेला. २००५ साली तो आणि त्याचा जुना सहकारी हॅराल्ड हेस फ्लोरिडात टॅलाहॅसीला गेले, तिथे त्यांना प्रकाशानं चालू होणाऱ्या प्रथिनांची माहिती मिळाली. पहिलं यंत्र दोघांनी हेसच्या घरच्या बैठकीच्या खोलीत जुळवलं. ‘पाम’ त्यातून आलं, २००६ साली. त्याच वर्षी शियाओवेई झुआंगच्या गटाचं ‘स्टॉर्म’ही आलं, आणि सॅम्युएल हेसच्या गटाचं ‘एफपाम’ही. २०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल बेट्झिग, हेल आणि मर्नर यांना मिळालं.

स्टॉर्म करताना प्रत्यक्ष काय दिसतं ते सांगते, कारण शोधनिबंधातल्या चित्रावरून त्याची कल्पना येत नाही. सुरुवातीला कॅमेऱ्यावर नेहमीसारखी धूसर पेशी असते. ६४७ नॅनोमीटरचा लेसर पूर्ण जोरावर आणला की काही सेकंद सगळं भगभगतं, मग पेशी विझत विझत जवळजवळ काळी पडते. त्या काळोखात इथे एक, तिथे एक ठिपका लुकलुकायला लागतो. प्रत्येक ठिपका २५० नॅनोमीटरचाच असतो, ॲबेनं सांगितला तेवढाच. पण तो एकट्या रेणूचा आहे हे माहीत असेल तर त्याचा मध्य कितीतरी अचूक काढता येतो. अचूकता फोटॉनच्या संख्येच्या वर्गमुळानं सुधारते: ठिपक्याची पसरण ११० नॅनोमीटर आणि फोटॉन १,००० असतील तर कागदावर साडेतीन नॅनोमीटर. पार्श्वभूमीचा उजेड आणि पिक्सेलचा आकार धरला की प्रत्यक्षात दहाच्या जवळपास. असे वीस-तीस हजार फ्रेम घेतले की लाखो मध्यबिंदूंची एक यादी तयार होते. लक्षात घ्या, यंत्रातून बाहेर येते ती यादी. चित्र आपण त्यावरून नंतर काढतो, आणि ठिपके किती जाड काढायचे हेही आपणच ठरवतो. कुणी सुंदर स्टॉर्म चित्र दाखवलं की मी आधी ती यादी मागते.

तिसरं सिम. मॅट्स गुस्ताफसननं ते २००० साली रूढ केलं. दोन मच्छरदाण्या एकावर एक पडल्या की त्यांच्या बारीक जाळीतून मोठ्या, ठळक लाटा दिसतात ना, तसंच. नमुन्यावर प्रकाशाचे बारीक पट्टे टाकायचे. न दिसणारा तपशील आणि पट्टे मिळून दिसण्याजोग्या लाटा तयार होतात, त्यावरून गणितानं मूळ तपशील काढायचा. द्विमितीला ९ चित्रं, त्रिमितीला १५. पट्टेही त्याच लेन्समधून येतात, त्यामुळे सुधारणा दुपटीवर अडते, म्हणजे १०० ते १२० नॅनोमीटर. स्टॉर्मवाले याकडे नाक मुरडतात. माझ्या मते जिवंत पेशीसाठी अजूनही पहिला हात इथेच घालावा: प्रकाश कमी लागतो, रंग नेहमीचे चालतात, आणि चित्र सेकंदाच्या आत मिळतं.

इथवरचं कुठल्याही माहितीपत्रकात सापडेल. माहितीपत्रकात नसतं ते हे, की तुमचं रिझोल्यूशन बहुतेक वेळा यंत्र ठरवत नाही, टेबलावरची अँटिबॉडी, म्हणजे प्रथिनाला चिकटून त्यावर रंग नेणारा रेणू, ठरवते.

प्रथिनाला चिकटणारी प्राथमिक अँटिबॉडी १० ते १५ नॅनोमीटरची, तिला चिकटणारी, रंग लावलेली दुय्यम तेवढीच. मायक्रोट्यूब्यूल प्रत्यक्षात २५ नॅनोमीटर जाड, पण या दोन थरांनी रंगवला की स्टॉर्ममध्ये ६०च्या घरात दिसतो. यंत्र बरोबर असतं, ते रंग कुठे आहे तेवढं सांगतं. आता तुमच्या प्रश्नाकडे या. फट २० नॅनोमीटरची, आणि दोन्ही बाजूंना कुठल्याही दिशेला झुकणारी २० नॅनोमीटरची शेपटी. मोजणार काय? नॅनोबॉडी (अँटिबॉडीचं छोटं रूप) तीन-चार नॅनोमीटरच्या असतात, प्रथिनालाच जोडायचे, रंग पकडणारे स्नॅप किंवा हॅलो टॅगही लहान असतात. त्याखेरीज फट मोजायच्या भानगडीत पडू नका.

दुसरी गोष्ट रंगाची दाटी. २० नॅनोमीटरचा तपशील हवा तर निदान दर १० नॅनोमीटरला एक रंगलेला रेणू हवा. अँटिबॉडी विरळ बसली तर अखंड पटल मण्यांच्या माळेसारखं दिसतं आणि मग त्या मण्यांवर सिद्धांत रचले जातात. त्याच्या उलट खोडही आहे: एकच रेणू अनेकदा लुकलुकतो, यादीत पाच-सात नोंदी पडतात, आणि चित्रात तो झुबका दिसतो. पटलावरची प्रथिनं झुबक्यांत राहतात असा दावा करण्याआधी हे तपासलंच पाहिजे. शिवाय पेशी जागच्या जागी पक्की करायला वापरतात त्या नुसत्या पॅराफॉर्मल्डिहाइडनं पटलातली प्रथिनं पुरती जखडत नाहीत. अँटिबॉडीला दोन हात असतात, ती हलत्या प्रथिनांना जवळ ओढून झुबके स्वतःच तयार करू शकते. थोडं ग्लुटरल्डिहाइड घालावं लागतं. मग त्याचा स्वतःचा उजेड येतो, तो सोडियम बोरोहायड्राइडनं मारावा लागतो, आणि काही अँटिबॉडी ग्लुटरल्डिहाइडनंतर बसतच नाहीत. म्हणून प्रत्येक अँटिबॉडीसाठी हे वेगळं बसवायला लागतं, आणि वेळ खरा तिथे जातो.

स्टॉर्मच्या बफरचंही सांगून ठेवते. ग्लुकोज ऑक्सिडेज आणि कॅटलेज ही त्यातली एन्झाइमची जोडी ऑक्सिजन खाते, त्यातून ग्लुकोनिक आम्ल तयार होतं, आणि उघड्या डिशमध्ये तासा-दोन तासांत पीएच घसरून लुकलुकणं बिघडतं. डिश झाका, बफर ताजं करा. ड्रिफ्टकडेही, म्हणजे मोजणी चालू असताना नमुना सरकण्याकडेही, लक्ष हवं. सोन्याचे कण किंवा बीड्स (चमकणारे सूक्ष्म मणी) नमुन्यात घाला आणि त्यांची वाट नंतर काढून बघा. आपल्याकडच्या खोल्यांत एसीचा कॉम्प्रेसर चालू-बंद होतो त्याच तालात ती रेघ वर-खाली होताना स्वच्छ दिसते. ही दुरुस्ती न करता कुणी १५ नॅनोमीटरचा दावा करत असेल तर तो एसीचं चित्र दाखवतो आहे.

मग तुम्ही काय करायचं? ते प्रश्न नेमका कुठला आहे यावर ठरतं, आणि तुमच्या प्रश्नात मला तीन वेगळे प्रश्न एकात कोंबलेले दिसतात.

संपर्कस्थळं पेशीत किती आहेत आणि अमुक उपचारानंतर वाढतात की घटतात, एवढंच विचारायचं असेल तर सिम पुरे. पण तिथेही तुलना हवी. एक चॅनल, म्हणजे एका रंगाचं चित्र, ९० अंशांत फिरवून तोच हिशेब परत करा. ईआर पेशीभर पसरलेला असतो, त्यामुळे योगायोगानंही भरपूर ‘संपर्क’ निघतात. खरा आकडा त्याच्या वर किती येतो ते बघायचं. त्याच्या जोडीला व्हीएपीबी किंवा पीटीपीआयपी५१ हे प्रथिन कमी करून आकडा खाली येतो का ते पाहा. ही जोडी या दोन अंगकांना बांधून ठेवते हे माहीत आहे, त्यामुळे ती काढल्यावरही आकडा जागचा हलला नाही तर तुमची मोजणी संपर्क मोजतच नाही. रिव्ह्यूअरला चित्रापेक्षा हे जास्त पटेल.

फट किती आहे हे विचारायचं असेल तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. त्यात लाज वाटायचं काही नाही. तिथे पटलं थेट दिसतात, रंगाची शेपटी नाही.

तुमची ती दोन प्रथिनं त्याच संपर्कस्थळी, एकमेकांपासून ३०-४० नॅनोमीटरच्या आत आहेत का, हा तिसरा प्रश्न. इथे मात्र सुपर-रिझोल्यूशनचा खरा उपयोग आहे, आणि इथेच दोन रंगांचा घोळ होतो. लाल आणि गडद लाल प्रकाश लेन्समधून किंचित वेगळे वाकतात, चित्राच्या कडेला तर ही चूक काही दशक नॅनोमीटरपर्यंत जाते. जी फट मोजायची तिच्याहून मोठी चूक घेऊन मोजणी कशी करणार? १०० नॅनोमीटरचे बहुरंगी बीड्स घेऊन, संपूर्ण चित्रभर, त्याच दिवशी दुरुस्ती करायला हवी. त्याहून सरळ वाट आहे एक्स्चेंज-पेंटची. हे डीएनए-पेंटचंच भावंड: अँटिबॉडीला किंवा नॅनोबॉडीला डीएनएचा एक छोटा धागा जोडायचा, आणि त्याला पूरक, रंग लावलेला धागा द्रावणात सोडायचा. तो येतो, क्षणभर चिकटतो, सुटतो, तेच लुकलुकणं. पहिलं प्रथिन झालं की धुऊन दुसरा धागा, पण रंग तोच. एकच रंग, एकच वाट, म्हणजे रंगातला फरक उरतच नाही. बफरची कटकट नाही, रंग विझायची चिंता फारशी नाही. मात्र हे संथ काम आहे, एका पेशीला काही तास जातात, आणि जिवंत पेशीत ते चालत नाही. मी तुमच्या जागी असते तर हेच केलं असतं.

स्टेड मी तुम्हाला सुचवलं नसतं, त्याचं कारण यंत्राचा कमीपणा नव्हे. मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या क्रिस्टी (आतल्या पटलाच्या घड्या) जिवंत पेशीत पाहायच्या असतील तर स्टेडला तोड नाही, २०१९ साली त्याची अप्रतिम चित्रं आली. पण तुमचा प्रश्न त्याच्या ५० नॅनोमीटरच्या अलीकडचा आहे. मिनफ्लक्स या नव्या तंत्राचं नाव कुणी काढेलच. हेलच्याच गटानं ते आणलं, दोन-तीन नॅनोमीटरची अचूकता खरोखर मिळते. तरी अँटिबॉडीची शेपटी तिथेही तेवढीच लांब राहते. दोन नॅनोमीटर अचूकतेनं चुकीची जागा मोजून हाती काय लागणार?

खर्चाचा प्रश्न असेल तर एक्स्पान्शन मायक्रोस्कोपीचा विचार करा. एमआयटीत एड बॉयडनच्या गटानं ती २०१५ साली दाखवली. पेशी सोडियम पॉलिअक्रिलेटच्या जेलमध्ये बसवायची, प्रथिनं पचवायची आणि जेल पाण्यात फुगवायचं. डायपरमध्ये पाणी शोषतो तोच पदार्थ. सगळं साधारण साडेचार पट मोठं होतं आणि तुमच्याच कॉन्फोकलवर ७० नॅनोमीटरच्या आसपास रिझोल्यूशन मिळतं. फुगवल्यानंतर रंगवलं तर अँटिबॉडीच्या शेपटीचा त्रासही त्या प्रमाणात कमी होतो. मात्र त्यासाठी पचवण्याऐवजी उष्णतेनं प्रथिनं सैल करायची पद्धत वापरावी लागते, नाहीतर अँटिबॉडी चिकटायला काही उरत नाही. फुगणं सगळीकडे सारखं झालं का हे मात्र त्याच पेशीचं आधीचं आणि नंतरचं चित्र जुळवून दाखवायला लागतं. मार्गदर्शकांकडे पैसे नसतील आणि तुमच्याकडे चिकाटी असेल तर उत्तम पर्याय.

यंत्र विकत घ्यायच्या गोष्टी कुणी बोलत असेल तर थांबवा. पुण्या-मुंबईच्या आणि बंगळुरूच्या मोठ्या संस्थांतल्या इमेजिंग फॅसिलिटी बाहेरच्यांना शुल्क घेऊन वेळ देतात, आणि सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर कुठलं यंत्र कुठे आहे ते शोधता येतं. विश्लेषणाला फिजी हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात थंडरस्टॉर्म हे प्लगइन टाका. रिझोल्यूशनचा आकडा सांगताना फूरिए रिंग कोरिलेशन काढून सांगा: यादीचे यादृच्छिक दोन भाग करायचे, दोन चित्रं काढायची, आणि किती बारकाईपर्यंत ती एकमेकांशी जुळतात ते बघायचं. नुसती ‘लोकलायझेशन अचूकता (ठिपक्याचा मध्य काढायची अचूकता) ८ नॅनोमीटर’ लिहिलंत तर जाणकार रिव्ह्यूअर पुन्हा परत पाठवेल, कारण अचूकता म्हणजे रिझोल्यूशन नव्हे.

पहिल्या बुकिंगला तुमचं मौल्यवान सॅम्पल नेऊ नका. ०.१७ मिलिमीटरच्या, काटेकोर जाडीच्या कव्हरस्लिपवर वाढवलेल्या पेशी न्या. एकीत टॉम२० हे मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या आवरणावरचं प्रथिन रंगवा, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाची पोकळ कड दिसते का ते कळेल. आणि फॅसिलिटीकडे न्यूप९६ ला टॅग लावलेल्या पेशी असतील तर त्या मागा. केंद्रकाच्या छिद्राभोवती या प्रथिनाचं सुमारे १०७ नॅनोमीटर व्यासाचं, आठ कोपऱ्यांचं कडं असतं. ते आठ कोपरे तुम्हाला स्वतःला मोजता आले नाहीत, तर त्या दिवशी दुसरं काही मोजायला बसू नका.